गप जागा

ॲल्युमिनियमचा बूम वाकला
हरिपूरच्या घाटाच्या पायरीला आपटून.
वारं फार नव्हतं, मीच बेसावध.

नव्याचं दरपत्रक आलं :
होडीपेक्षा महाग.

मग ठिबकचा जाड पाइप घेतला, त्याला मेण,
वर कार्बनचं काळं कापड,
कुपवाडच्या शेडमधून किलोवर आणलेलं.
रेझिन पाजलं. सायकलची ट्यूब
ताणून ताणून गुंडाळली.
दोन दिवस पत्र्याखाली.

मिरजेला नेला, इलाहीचाचांकडे.
सतारीचे दांडे तासून वाकडी झालेली बोटं
टिचक्या मारत सरकली,
टोकापासून दीड वीत अलीकडे थांबली.
"हितं गप हाय."

कापला.
आत बुडबुडा, जोंधळ्याएवढा.

दुसरा दांडा सध्या शिडाखाली आहे.
चाचा होडीत बसत नाहीत.
काठावरून कान देतात.