बोगद्यापर्यंत

ताडपत्री काढली तर एअर फिल्टरमध्ये उंदराचं बिऱ्हाड:
शेंगांची टरफलं, माझ्याच हातमोज्याची लोकर.
मुनीर म्हणाला, "गाडीला काय बी न्हाई झालं.
तुमचा गुडघा कसाय?"

कार्तिकात यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर
खडी होती. एवढंच.

प्लग घासला. चेनला तेल.
हेल्मेटला अजून दवाखान्याचा वास,
उन्हात उलटं ठेवलंय.

रोज संध्याकाळी स्टँडवरच्या गाडीवर बसतो,
मागचा ब्रेक दाबतो, सोडतो, दाबतो,
फिजिओच्या बाई म्हणतात तसा वीस वेळा.
शेजारचं पोरगं विचारतं, "कुठवर पोचला, काका?"

आज सांगितलं, बोगद्यापर्यंत.

घाटात पांगारा फुललाय म्हणे.
चोक ओढला.
किकसाठी उजवा पाय उचलला

आणि तो उचलला गेला.