तळ्याला नाव

तिघांच्या मोज्यांची मापं आईला पाठ होती.
हाल्डोरचे पाय लांब, स्काप्तीचे रुंद,
आणि ब्योर्नचा डावा अंगठा
दर महिन्याला लोकर फाडून बाहेर यायचा.
माझे मोजे शेवटी, उरलेल्या लोकरीतून.

गिमलीला सरोवरावर बर्फ दोन हात जाड.
बाबा पहारीनं भोक पाडायचे, तिघं जाळं ओढायचे.
विमान पाहिलं होतं ते पिठाच्या डब्यावर, लाल रंगाचं.
मग एका वर्षात तिघंही वर गेले.
म्हणजे, तेव्हा नुसते उडायलाच.

हाल्डोर विमान चालवी, स्काप्ती नकाशा वाची.
ब्योर्न शेपटाच्या काचेच्या बुडबुड्यात,
बंदुकीशी, पाठमोरा.
त्यानं लिहिलं होतं :
बाकीचे पुढं बघतात,
मला फक्त सोडून आलेलं दिसतं.
सेन्सॉरनं एवढं तरी खोडलं नाही.

पहिली तार जानेवारीत. बेपत्ता.
दुसरी मार्चात, तोच शब्द.
त्या खेपेला पोस्टमन सिग्गी
फाटकापाशी घोड्याला पाणी पाजत उभा राहिला,
घोड्याला तहान नसताना.
बेपत्ता. ना तळ्यात, ना मळ्यात.
आई विणत राहिली, तिन्ही मापांचे.

ब्योर्न परत आला.
चर्चच्या ट्रकमध्ये मागच्या फळीवर बसायचा,
मागं पडणाऱ्या रस्त्याकडं तोंड करून.
कुणी विमानाचा विषय काढला
की त्याला जाळ्यातलं एखादं भोक आठवायचं.

बऱ्याच वर्षांनी सरकारी पत्र आलं :
उत्तरेकडच्या दोन बिननावाच्या तळ्यांना
आमच्या दोघांची नावं.
सोबत नकाशा. दोन निळे ठिपके,
मध्ये बोटभर कोरी जागा.
रस्ता नाही. विमानानंच जाता येतं.
आईनं तो खिडकीच्या उजेडात धरला.
म्हणाली, मासे आहेत का त्यांत?
कुणालाच माहीत नव्हतं.

ती गेली, त्याच्या पुढच्या ऑगस्टात
साठीचा ब्योर्न न सांगता निघाला,
पाण्यावर उतरणाऱ्या भाड्याच्या विमानातून.
पायलटशेजारी बसला, असं नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्या टेबलावर
ओल्या गोणपाटातला पाइक ठेवला.
हाल्डोरच्यात आहेत, म्हणाला.
आणि स्काप्तीच्यात?
वारा फार होता. उतरता आलं नाही.
दोन घिरट्या घातल्या फक्त.

मी मासा साफ करायला घेतला.
काटे पुष्कळ होते.