अकरा फूट

मी पेट्या ठोकायचो. सलईच्या फळ्या,
दीड हात लांब, संत्र्याच्या मापाच्या.
हंगामात दिवसाला नव्वद.
ओठांत खिळे धरून बोलायची सवय अजून गेली नाही,
तोंड रिकामं असलं तरी
शब्द कोपऱ्यातूनच निघतात.

मग निळे प्लास्टिकचे क्रेट आले
आणि बेलखेडीच्या शेडमागं फळ्यांचा ढीग उरला.
त्यात कोंबड्या अंडी घालत.

अभ्यासिकेतली पोरं भरतीची पुस्तकं
मांडीवर घेऊन बसत. टेबल हवं होतं,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, अकरा फूट.
सरपंचबाई म्हणाल्या, "लाकडाले पैसा नाही भाऊ,
ढीग पाह्यजे तेवढा ने."

मी टोकाला टोक लावलं, सरस ओतला,
वर रात्रभर जात्याची तळी ठेवली.
सकाळी उचललं
तर पापडासारखं मधोमध तुटलं.

कवडूजी वाढई पायरीवर बसून तंबाखू मळत होते.
"तोंडाले तोंड लावून कोनी जुळते काय बाप्पा?
लाकडाचं तोंड तहानलेलं असते,
सरस पिऊन घेते अन् कोरडंच राह्यते.
कुशीले कूस लाव."

त्यांनी नखानं फळीच्या कडेवर तिरपी रेघ ओढली.
जेवढी जाडी, त्याच्या आठपट उतार.
"संत्र्याले डोळा बांधतेत, आंब्याले कलम.
हे आंब्याचं काम हाय."

पाऊण इंच जाडीला सहा इंच उतार.
रंधा मारत जायचं, मारत जायचं,
शेवटी धार इतकी पातळ
की पलीकडचा उजेड तांबूस दिसतो
आणि हाताला उदाचा वास येतो,
सलई आहे ना.
पहिले सात उतार बिघडले. त्यांच्यावर चहा झाला.

"प्रत्येक सांध्यात सहा इंच फुकट जातात," मी म्हणालो.
कवडूजींनी पिंक टाकली, थोडं थांबले.
"फुकट कायले? ते सहा इंच
दोनदा हायेत तिथं."

शिकंजे नव्हते. धनपालच्या दुकानातून
पंक्चर ट्यूबा आणल्या, पट्ट्या कापल्या,
करकचून गुंडाळल्या. मोडलेल्या पायाला
बांधतात तशा.
सहा फळ्या, पाच सांधे, अकरा फूट बरोबर.
मी तीनदा मोजलं, टेप बदलून मोजलं.
शेजारची पट्टी अर्ध्या फळीनं सुरू करायची,
म्हणजे सांध्याशेजारी सांधा येत नाही,
विटांच्या भिंतीत येत नाही तसा.

असल्या सहा पट्ट्या झाल्या तेव्हा
पहिल्यांदाच मला एकट्याला उचलता येईना.
वीस वर्षं मी जे जे बनवलं
ते एका माणसाच्या खांद्यावर मावत होतं.

टेबलावर व्यापाऱ्याचे शिक्के तसेच राहिले,
काळ्या शाईचे, उताराशी कापलेले.
कुठं 'फ्रू', कुठं 'कांत', कुठं उलटा 'सं'.
पोरं गणित अडलं की ते जोडून वाचतात.
निकिताला म्हणे त्यात
आपल्या आत्याच्या गावाचं नाव सापडलं.
मला नाही सापडलं.

मे महिन्यात दुपारी अडीचला
खट् असा आवाज झाला. सगळ्यांनी माना वर केल्या.
खिडकीकडच्या पट्टीचा तिसरा सांधा
केसभर उघडला होता.
मी सरस घेऊन धावलो.
कवडूजींनी माझं मनगट धरलं.
"हात नको लावू. तापलं हाय,
थंडावलं का आपोआप मिटते."

पोळा झाला. दसरा झाला.
पोरं घरी गेली की दिवा विझवण्याआधी
मी त्या जागी नख घालून पाहतो.
अजून जातं, थोडंसं.
कवडूजींना सांगितलं तर म्हणाले,
"मंग तुह्यं नखच पातळ झालं अशीन."