झुकतं माप

माझ्या व्हॅनमध्ये पितळी वजनं असतात,
मखमली खोबणीत लेकरांसारखी निजवलेली.
उघड्या हातानं शिवायचं नाही त्यांना,
बोटांचा घामही वजनात धरला जातो.

मी लवर्न टिल्मन,
कायहोगा काउंटीची मापं तपासते.
एकोणीस वर्षं झाली.
पेट्रोलचे पंप, खाटकांचे तराजू,
भंगारवाल्याचा भुईकाटा, जिथं लोक
तांब्याच्या तारांची भेंडोळी घेऊन येतात.
कुणाच्या भिंतीतून उपसल्या
ते काट्याला विचारता येत नाही.
बरोबर निघालं की यंदाच्या सालाचा शिक्का,
चुकलं की लाल चिठ्ठी.

या महिन्यात मलाच पत्र आलं.
माझ्याच कचेरीतून, दोन मजले वरून:
आपल्या घराची किंमत एक तृतीयांशानं वाढली आहे.
सूर अभिनंदनाचा,
खाली कराचा आकडा.
घर तेच. मागच्या पायरीची फळी तशीच डुगडुगती,
खिडक्यांच्या चौकटीत जुन्या रंगातलं शिसं,
ज्याच्यापायी नातवाचं रक्त दोनदा तपासून आणलं.
कोणत्या काट्यावर चढवलं माझं घर,
आणि त्या काट्याला चिठ्ठी कोण लावतं?

मार्कीस रॅलीहून तक्ता पाठवतो.
डावीकडे आपलं, उजवीकडे त्याचं.
भाडं, विमा, गॅस, चोऱ्या,
वर्षातले उन्हाचे दिवस.
"आकडे बघ नुसते, मा."
बघते. उन्हात आम्ही साफ हरतो.
जानेवारीचं गॅसबिल हातात धरून
वरच्या मजल्यावरचा बिशिंबा, गोमाहून आलेला,
खाली उतरला होता विचारायला:
हे बिल आहे की घराचा हप्ता?
त्याच्या भाड्यात माझा कर निघतो.
कर वाढला, तर त्याचं भाडं.
हे वजन मी अजून
पारड्यात टाकलेलं नाही.

तक्त्यात सरोवराला रकाना नाही.
बंधाऱ्याच्या खडकांवर गळ टाकून बसलेला
रॉस्को नाही, जो दोन मासे लागले
की एक माझ्या पायरीवर ठेवून जातो, न सांगता.
आणि दवाखाना:
तक्त्यात त्याचं अंतर आहे, आठ मिनिटं.
त्या आठ मिनिटांमुळं मी आहे, एवढं नाही.

सोमवारी सेंट क्लेअर रस्त्यावर
झ्देंका होचेवारचं दुकान.
ऐंशीची बाई. धुरावलेल्या सॉसेजचा वास
पार बसथांब्यापर्यंत.
एक पौंडाचं पितळ ठेवलं.
काटा म्हणाला, पाऊण औंस कमी.
पुन्हा ठेवलं. मग दोन पौंड. मग पाच.
दर खेपेला गिऱ्हाइकाच्या बाजूनं.
काटा मारणारे शेकडो पाहिले मी,
उलटा मारणारं हे पहिलंच माणूस.

"पाटीवरचा भाव उतरवला की पोरगा ओरडतो,"
हात पुसत ती म्हणाली,
"काट्यावर कोण ओरडणार?"

नियमात चूक ती चूक, कुणाच्याही बाजूची.
गुरुवारपर्यंत दुरुस्त करावे, मी लिहिलं.
चिठ्ठी लावायच्या आधी मात्र
अर्धा पौंड बांधून घेतलं.
मापात पाप म्हणतात ते हेच असेल
तर माझ्या खात्यावर मांडा.

संध्याकाळी तव्यावर सॉसेज चरचरत होतं,
वर बिशिंबाची पोरं धावत होती,
छतातून थोडं पीठ गळत होतं चुन्याचं.
तक्ता उघडाच होता.
तळाशी एक ओळ वाढवली मी:
होचेवार, पाऊण औंस.
उजवा रकाना रिकामा राहिला.
ठाऊक आहे,
कराच्या आकड्यापुढं हे पासंगालाही पुरायचं नाही.

फोन वाजला.
"ठरलं का?"
"गुरुवारी सांगते," मी म्हटलं,
आणि आच कमी केली.