दिसलाच नाही

उद्यमनगरात माझ्याकडं येणाऱ्या गाड्या
बोलत नाहीत, पण लपवतही नाहीत काही.
फोर्क मागं वाकलाय :
पुढचा इंडिकेटर न देता वळलाय.
लेगगार्डला पांढरा रंग घासलाय :
कुणीतरी मागं न बघता दार उघडलंय.
टाकीला पोचा असतो कधी, गुडघ्याच्या मापाचा.
तो मी शेवटी काढतो.

परवा सात्ताप्पाची जुनी शाईन आली, टेम्पोतनं.
फाउंड्रीतली रात्रपाळी उरकून निघालेला,
शिरोली नाक्याला उडवला.
हेडलाइटचा चुरा, स्विच मात्र चालूवर.
हेल्मेट हँडलला अडकवलेलं,
पुढं पोलीस असतो तिथं घालायचं म्हणून.
हेल्मेटला ओरखडा नाही.

मोटारवाला भला माणूस.
दोन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर,
चहावर साय धरली तरी हात नाही लावला.
एकच म्हणायचा,
दिसलाच नाही हो.

मी काय बोलणार त्याला?
मार्चात गिऱ्हाइकाची मोटार ट्रायलला काढलेली,
रंकाळ्याच्या कडंनं.
फोन उजळला. बायकोचा मेसेज,
येताना दही आण. एवढाच.
मान वर केली तर बंपरपुढं
स्कूटीवर एक पोरगी,
एक पाय डांबरावर टेकवून.
शिवीसुद्धा दिली नाही.
आरसा सारखा केला, त्यात मला बघितलं
आणि गेली.
दही विसरलो त्या दिवशी.

शाईन तयार आहे.
आरसे नवे बसवलेत, दोन्ही.
न्यायला कोण येतंय
बघतोय.