मोठ्याचं नाव आधी

बर्डीवर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यात
दुपारी तीनचा क्लास.
मे महिना. कूलर एवढा घरघरतो
की पिल्ले मॅडम प्रत्येक वाक्य दोनदा म्हणतात,
अन् आम्हाला वाटतं, इंग्रजी असंच बोलतात, दोनदा.

आजचा धडा : दोन माणसांची ओळख करून देणे.
मोठ्याचं नाव आधी घ्यायचं,
लहानाला त्याच्यापुढे न्यायचं,
पाहुण्यापुढे पाण्याचा ग्लास न्यावा तसं.
मी हात वर केला.
मॅडम, पोरीचे होणारे सासू-सासरे कोइमतूरचे,
रविवारी येऊन राहिले.
आमची आत्या ऐंशीची, पण ती मुलीकडची.
मग मोठं कोण?
मॅडम मोतीबागेच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या,
सगळं समजतं त्यांना.
म्हणाल्या, ललिताताई, इंग्रजीत वरपक्ष नसतो.

हे मी वहीत लिहून घेतलं. मराठीतच.

जोड्या लागल्या. माझ्या वाट्याला सुगत,
माझ्या पोरीपेक्षाही लहान,
दोन पायांमध्ये जेवण पोचवायची लाल चौकोनी पिशवी.
‘माय नेम इज सुगत.’
तो थांबला. मी पुढची वाट पाहत राहिले.
सवयच ती. आमच्याकडे नाव म्हणजे नुसती दाराची कडी;
वाजली की आतून विचारायचं,
कोणते? कुठले? कोणाचे कोण?
अन् उत्तर ऐकून ठरवायचं,
पाट की पायरी.
मॅडमनी फळ्यावर सुगतनंतर पूर्णविराम दिला होता.
एवढासा ठिपका,
पण पोरगं त्याला टेकून उभं होतं.

माझी पाळी. ‘माय नेम इज ललिता निनावे.’
सुगत हसला. काकू, निनावे म्हणजे
ज्याला नावच नाही तो ना?
म्हटलं, हो बाप्पा. सात पिढ्या तेच सांगून राहिलो,
नाव काय, तर निनावे.

पाचला खाली उतरलो तर हे स्कूटरवर.
कूलरच्या मोटारी भरतात हे, इतवारीत.
मान वर न करता म्हणाले, बेअरिंग गेलं त्याचं.
मग सुगतकडे पाहिलं. चपलेपासून वर.
ओठावर काय येऊन राहिलं, मला माहीत होतं.
अठ्ठावीस वर्षं ऐकलंय ते, लग्नांच्या मांडवात, बारशात,
अन् खोटं कशाला बोलू, विचारलंयही.
तर मी मधे उभी राहिले.
धडा ताजा, जीभ कोरडी, मोठ्याचं नाव आधी :

‘वामन, मे आय इंट्रोड्यूस माय फ्रेंड सुगत.’

अन् मग कळलं, मी काय केलं.
हे नाव मी घेतलं ते चांदीच्या वाटीत घालून,
यमक जुळवून, पदर सावरून,
बाया दार अडवून हसत असताना.
असं उघडंबोडकं, भर बर्डीवर, कधीच नाही.
मागच्या ऑटोनं हॉर्न दिला.
शाळेच्या हजेरीत नाव आल्यावर होतो
तसा ह्यांचा चेहरा झाला.
वाटलं, आता ‘हजर’ म्हणतात की काय.

सुगतनं हात पुढे केला. ‘हाऊ डू यू डू, सर.’
ह्यांनी आपला पँटला पुसला,
ग्रीसचा हात, दोनदा पुसला,
अन् मला हळूच विचारलं, याला उत्तर काय देतात?
म्हटलं, तेच. प्रश्नाला तोच प्रश्न.
‘हाऊ डू यू डू,’ हे म्हणाले,
अन् लगेच, राहवलं नाही तर,
‘कुठले तुम्ही?’
‘वरच्या क्लासचा,’ सुगत म्हणाला, माळ्याकडे बोट करून,
अन् पिशवी पाठीला अडकवून गर्दीत गेला.

अजनीचा पूल चढेपर्यंत हे गप्प.
उतारावर म्हणाले, रविवारी त्या लोकांपुढेही
असंच घेशील का?
काय?
काही नाही, म्हणाले,
अन् गिअर बदलला.