मधली सीट

केळशीत जुनी जागा कुणालाच नीट सांगता येईना.
दुकानातल्या बाईनं माडांकडे बोट केलं:
"थंय आसतली."
आम्ही त्या माडांनाच हात जोडले,
तिघांनी, तीन वेगवेगळ्या जागी उभं राहून.
वारा होता. एक झावळी पडली.
हाच कौल की काय, असं मनात आलं
आणि मी गप्प बसले.

वेंगुर्ल्याहून पहाटे निघालो ते असे:
उजव्या खिडकीशी उपेंद्र, डाव्या खिडकीशी दामोदर,
मध्ये मी, मांडीवर ओटीची पिशवी,
पायाशी गाडीचा तो उंचवटा,
ज्याच्यामुळे पाय कुठेच ठेवता येत नाहीत.
अकरा माड आणि एक विहीर, एवढंच भांडण.
नऊ वर्षं झाली.
"त्याला सांग, काच वर कर."
"त्याला सांग, मला घुसमटतं."
मी सांगते.
दोघांत एक हात अंतर आहे,
आणि तो हात माझा आहे.

कुठ्ठाळीला गाडी फेरीत चढली.
इनासनं इंजिन बंद केलं, छातीवर क्रूस काढला.
"तुमची देवी हांगाच्यानच गेल्ली," म्हणाला,
जणू काल रात्रीच्या फेरीनं गेली,
आणि तिकीट यानंच काढून दिलं.

अप्पा सांगायचे: काळोख होता, भरती होती,
देवी होडीत पेंढ्याखाली निजवलेली,
वल्ह्यांना चिंध्या बांधलेल्या, आवाज होऊ नये म्हणून.
अर्ध्या पाण्यात ती जड झाली.
होडीच्या काठाला पाणी लागलं
तसा म्हातारा पुजारी काकुळतीला आला:
बये, राग धर, पण आत्ता नको.
मग ती हलकी झाली.
फुलाइतकी, असं नाही म्हणायचे अप्पा.
म्हणायचे, माहेराहून परत निघालेल्या बाईइतकी.

मडकईची खाजनं, मग चढ, मग कवळे.
तळीच्या पायरीवर दामोदर घसरला.
उपेंद्रचा हात पुढे आला
आणि तसाच खिशात गेला.

गोष्ट आम्हांला लहानपणापासून पाठ.
हरी आणि हर भांडले, तिन्ही लोक होरपळले,
ब्रह्मदेव धावत देवीकडे गेला.
तिनं एकाला या हातात धरलं, दुसऱ्याला त्या हातात.
ते निवले. ती शांतादुर्गा झाली.
भांडण कशावरून, ते गोष्टीत नाही.
तिचे हात भरून आले का, हेही नाही.
दोघांचे साप झाले म्हणतात,
तरी ती धरूनच उभी आहे.

भटजींनी विचारलं, "गोत्र?"
"कौशिक," दोघे एकदम म्हणाले,
एकाच घशातून आल्यासारखे.
अप्पांचाच तो खर्ज.
भटजींनी चष्म्यावरून पाहिलं.
"एका घरचे? मग एक नारळ पुरे."
फोडला. दोन वाट्या झाल्या.
दोन्ही माझ्या पदरात.

गाडीत बसल्यावर इनास म्हणाला, "आतां मंगेशी?"
हो, मंगेशी.
तिथे तो सारीपाटावर सगळं हरून,
रुसून, घर सोडून आलेला.
ती शोधत आली, तर हा वाघ होऊन समोर.
भीतीनं ती काहीतरी भलतंच बोलून गेली,
शब्द मागेपुढे झाले,
आणि तेच त्याचं नाव पडलं.

"त्याला विचार," उजवीकडून आलं, "खोबरं..."
मी डोळे मिटले.
मान मागे टाकली, तोंड थोडं उघडं ठेवलं,
खरं वाटावं इतकं.

बराच वेळ नुसती गाडी.
एक वळण. दुसरं.
मग एका खिडकीकडून काहीतरी अडखळत निघालं,
अर्धा शब्द, अर्धा खोकला.
मांडीवरची पिशवी हलली,
एका वाटीनं हलकी झाली.

कुणाचा हात होता,
ते मी पाहिलं नाही.